प्राणवायू, दाब आणि रंगीत मेंदू

खरं तर 'प्राणवायू' ह्या शब्दानेच सगळा घोळ घातलाय. नायट्रोजनला आपण नुसतं नायट्रोजन म्हणतो, कार्बन डायऑक्साईडचं नाव तर शिवी दिल्यासारखं घेतो, पण ऑक्सिजन म्हणजे थेट प्राण! आता ज्याच्या नावातच प्राण आहे, तो थोडा जास्त झाला तर बिघडलं कुठे, असं कुणालाही वाटणारच. त्यात २०२१ चा एप्रिल-मे आपण सगळ्यांनीच पाहिलाय. घराघरात ऑक्सिमीटर आला, आकडा ९४ च्या खाली सरकला की पोटात गोळा यायचा, सिलिंडरसाठी रात्री-बेरात्री फोनाफोनी व्हायची. त्या दोन महिन्यांनी आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसवलं: ऑक्सिजन म्हणजे चांगलं, जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं.

ह्या समीकरणावर आता छान दुकानं उभी राहिली आहेत. 'हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी' असं भारदस्त नाव, पाणबुडीसारखी दिसणारी एक नळी, आत झोपलेला हसतमुख माणूस, आणि सोबत मेंदूचे दोन गोल. 'आधी'चा गोल लालभडक, 'नंतर'चा हिरवागार. ते गोल म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखावरून, म्हणजे ईईजीवरून, सॉफ्टवेअरने रंगवलेले नकाशे. थकवा, विसरभोळेपणा, लकवा, मुलांचं अडखळतं बोलणं, म्हातारपण... सगळ्यावर एकच उपाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. दाबाखालचा ऑक्सिजन हे अगदी खरंखुरं औषध आहे. आणि औषध आहे म्हणूनच त्याला डोस आहे, साईड इफेक्ट आहेत आणि पुराव्याची गरज आहे. ईईजीत 'काहीतरी बदललं' म्हणजे 'फायदा झाला' असं म्हणणं हे सीपीयूचा ग्राफ हलला म्हणून प्रोग्रॅम बरोबर चालतोय असं म्हणण्यासारखं आहे. माझा मॅनेजर तरी हे ऐकून घेणार नाही. :-)

आधी थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, बारावीचंच आहे.

मुंबईत समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे त्याच्या वाट्याचा दाब १६० मिलिमीटर. ह्या दाबालाच तुमच्या-माझ्या रक्तातलं हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतं ते हेच. बस पूर्ण भरलीय, स्टॉपवर आणखी माणसं उभी राहिली म्हणून आत जागा होत नाही. मग जास्त ऑक्सिजन घेऊन होतं काय? तो हिमोग्लोबिनवर न चढता रक्ताच्या पाण्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळतो तसा. साध्या हवेत हे प्रमाण अगदीच किरकोळ असतं, १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर. पण तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर ते ६ मिलिलिटरपर्यंत जातं. शरीर विश्रांतीत असताना साधारण तेवढाच ऑक्सिजन वापरतं! म्हणजे तत्त्वतः हिमोग्लोबिनची गरजच नाही. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमचे सर्जन बोरेमा ह्यांनी डुकरांच्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून घेऊन, त्यांना तिप्पट दाबाखालच्या ऑक्सिजनवर जिवंत ठेवून हे दाखवलं. वाचताना अंगावर काटा येतो, पण प्रयोग म्हणून जबरदस्त.

तर रुग्णालयातल्या चेंबरमध्ये साधारण २ ते ३ पट दाब असतो, आत शुद्ध ऑक्सिजन आणि तासा-दीड तासाचं सेशन. २.४ पट धरला तर ऑक्सिजनचा दाब १८२४ मिलिमीटर होतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या ११ पटींहून जास्त. लक्षात घ्या, अकरा टक्के नाही, अकरा पट. कुठल्याही सिस्टीमला नेहमीच्या अकरा पट लोड दिला तर काय होतं हे आयटीवाल्यांना सांगायला नको.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के. तेव्हा पहिली ठिणगी तिथेच उडते. पॉल बर्त नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये हवेच्या दाबावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवलं की दाबाखाली ऑक्सिजन वाढवत नेला की प्राण्यांना आकडी येते. म्हणजे ज्या वायूवर जीव जगतो त्याच वायूने मेंदूत शॉर्टसर्किट! ह्याला आजही 'पॉल बर्त इफेक्ट' म्हणतात.

माणसाच्या बाबतीतली खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांना शत्रूच्या बंदरात गुपचूप शिरायचं होतं. (पाणबुडे म्हणजे माणसं बरं का, पाणबुडी नव्हे.) साध्या हवेच्या उपकरणातून बुडबुडे वर येतात आणि पहारेकऱ्याला दिसतात. म्हणून शुद्ध ऑक्सिजन आतल्या आत फिरवणारी उपकरणं आली. बुडबुडे बंद, पण माणसं पाण्याखाली बेशुद्ध पडायला लागली. तेव्हा केनेथ डोनाल्ड नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने स्वयंसेवकांवर दोन हजारांहून अधिक चाचण्या केल्या आणि १९४७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. एकाच माणसाला ७० फुटांच्या दाबावर ९० दिवसांत वीस वेळा नेलं. माणूस तोच, खोली तीच, वायू तोच. त्रास सुरू व्हायला एकदा लागली ७ मिनिटं आणि एकदा १४८ मिनिटं!

ह्याचा अर्थ कळतोय का? 'मागच्या वेळी काही झालं नव्हतं' ह्या वाक्याला इथे काडीचीही किंमत नाही. आपल्याकडे ह्याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात. डोनाल्डच्या मशीनवर तर एकाच मशीनवर सकाळी चालत होतं आणि संध्याकाळी नव्हतं. शुद्ध ऑक्सिजनवर २५ फुटांपेक्षा खोल जाऊ नये अशी मर्यादा त्याने शेवटी सुचवली. नौदलाच्या लोकांनी तर टाकीच्या तळाशी एक राक्षस राहतो अशी दंतकथाच रचली होती, 'ऑक्सिजन पीट'. बेसावध पाणबुड्याला धरतो म्हणे. भीतीला नाव दिलं की थोडी आटोक्यात येते, दुसरं काय!

ह्याच काळात जे. बी. एस. हाल्डेन हा अवलिया शास्त्रज्ञ स्वतःवरच असले प्रयोग करत होता. ऑक्सिजनने आलेल्या एका झटक्यात त्याच्या पाठीचे मणके चेपले. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. त्याच्यावर एक वेगळा लेख व्हायला हवा. असो.

मेंदूत नेमकं होतं काय? सुरुवातीला मेंदू हुशारीने वागतो. ऑक्सिजन फार झालाय हे कळल्यावर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तपुरवठा कमी होतो. आपला व्हॉल्व्ह आपणच बंद करायचा. पण हा बंदोबस्त कायमचा टिकत नाही. अतिरिक्त ऑक्सिजनपासून तयार होणारे आक्रमक रेणू साठत जातात, मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' ह्या रसायनाचं प्रमाण घसरतं, नायट्रिक ऑक्साईडमुळे रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात आणि अडवून धरलेला ऑक्सिजन धो धो आत शिरतो. मग लाखो पेशी एका तालात पेटतात. ह्यालाच आपण आकडी म्हणतो. प्राण्यांमधल्या प्रयोगांत हे ईईजीवर स्पष्ट दिसतं: बराच वेळ शांतता, मग टोकदार काटे, मग थयथयाट. दाब जितका जास्त तितकी ती आधीची शांतता छोटी.

एक मजेशीर (?) गोष्ट म्हणजे कोरड्या चेंबरमध्ये आडवं पडलेला माणूस जो दाब सहन करतो, तोच पाण्यात हातपाय मारताना सहन होत नाही. मेहनत केली की कार्बन डायऑक्साईड साठतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि तो व्हॉल्व्ह वेळेआधीच उघडतो. तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांनी मात्र काळजी करू नये. तुमच्या पाठीवर होती ती साधी दाबलेली हवा. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणजे ऑक्सिजनचा वाटा जेमतेम ०.४२ वातावरण. झटक्याची भीती साधारण त्याच्या तिप्पट-चौपटीपासून सुरू होते. तुमच्या भीतीचं कारण बहुधा इन्स्ट्रक्टरचा चेहरा असावा.

आता रुग्णालयांची बाजूही सांगायला हवी. नीट चालवलेल्या केंद्रात असा झटका क्वचित येतो, हजारो सेशन्समध्ये एखादा. का? कारण तिथे दर वीस-तीस मिनिटांनी पाचेक मिनिटं साधी हवा देतात, दाब ३ पटीच्या वर नेत नाहीत, ताप आहे का, आकडीचा इतिहास आहे का, औषधं कुठली चालू आहेत हे आधी विचारतात. आणि झटका आलाच तर? आपल्याला वाटेल की लगेच दाब सोडा, माणसाला बाहेर काढा. नेमकं हेच करायचं नसतं! झटक्यात श्वास कोंडलेला असतो. बाहेरचा दाब उतरवला तर फुफ्फुसातली कोंडलेली हवा फुगेल आणि फुफ्फुस फाटेल. आधी ऑक्सिजन काढून साधी हवा द्यायची, दाब आहे तसा ठेवायचा, अंग सैल पडलं की मगच हळूहळू वर आणायचं. एवढं केलं की बहुतेक वेळा माणूस कायमचं नुकसान न होता सावरतो. पण हे माहीत असलेला माणूस कंट्रोलपाशी बसलेला हवा. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. तिथे ही विद्या पाणबुड्यांसाठी शिस्तीत जोपासलीय. शिस्त हा शब्द महत्त्वाचा.

मग साहजिक प्रश्न येतो, की रुग्णाच्या डोक्याला ईईजीच्या तारा लावून झटक्याचा अलार्म का नाही वाजवत? मलाही आधी हेच सुचलं होतं, आयटीवाल्याला दुसरं काय सुचणार. पण ईईजी काय चीज आहे ते बघा. १९२४ मध्ये हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टरने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या, पण जाहीर केल्या १९२९ मध्ये. इतका वेळ त्याने स्वतःच्या शंका फेडण्यात घालवला. आजच्या स्टार्टअपवाल्यांनी ह्याची नोंद घ्यावी. :-) ह्या लहरी असतात काही दशक मायक्रोव्होल्टच्या. हृदयाचा सिग्नल ह्याच्या कितीतरी पट मोठा. नुसती पापणी लवली तरी त्याचा फटका मेंदूच्या लहरीपेक्षा मोठा दिसतो. दात आवळले, घाम आला, तार हलली, खोलीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरली, सगळं त्याच कागदावर. त्यात चेंबरमध्ये दाब वाढवताना हवा तापते, माणूस घामाघूम होतो, कान दुखतात म्हणून जबडा हलवत राहतो. शिवाय दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये विजेची उपकरणं नेणं म्हणजे आगीला निमंत्रण, म्हणून ॲम्प्लिफायर बाहेर आणि तारा भिंतीतून. आणि इतकं करूनही माणसात झटक्याआधी भरवशाची पूर्वसूचना मिळत नाही. सर्व्हर कोसळल्यावर 'सर्व्हर कोसळला आहे' असा मेल पाठवणारी मॉनिटरिंग सिस्टीम तुम्ही पाहिली असेलच. म्हणून तिथले लोक अजूनही ओठ थरथरतात का, मळमळतंय का, कानात आवाज येतोय का, नजर आकसतेय का, हेच बघत बसतात. तेही दर वेळी दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. झटका ही ईईजीवर दिसणारी सगळ्यात मोठी, सगळ्यात बटबटीत घटना. तीसुद्धा आधीपासून वाचता येत नाही. आणि ही दुकानं सांगतात की चाळीस सेशन्सनंतर तुमच्या मुलाच्या अल्फा लहरी सुधारल्या, हे आम्ही रंगावरून ओळखलं!

हे मुलाचं मी हवेत बोलत नाहीये. माझ्या आत्येभावाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. सहा वर्षांचा आहे, प्रचंड गोड आणि तितकाच हट्टी. गेल्या वर्षी दादाचा फोन आला. "तू इंजिनियर आहेस ना, तुला ग्राफबिफ कळतात, एवढं जरा बघ." एका केंद्राने त्यांना दुसऱ्याच एका मुलाचे 'आधी-नंतर'चे नकाशे दिले होते, छान ग्लॉसी कागदावर. एका सेशनचे काही हजार, अशी चाळीस सेशन्स, महिन्यातले सगळे दिवस. पैसे एकवेळ उभे केले असते, वहिनी बांगड्या मोडायला तयारच होती. पण त्या वेळेत बसवायचं म्हणून दोन महिने फिजिओथेरपी बंद ठेवायची, असं ठरत होतं. खरी किंमत ती होती. त्या पोराने वर्षभर रोज रडत-ओरडत करून स्वतःच्या बळावर बसायला शिकलेलं होतं.

मी कागद बघितला. आधीचं रेकॉर्डिंग सकाळचं, नंतरचं संध्याकाळचं. कुठे डोळे मिटलेले होते, कुठे उघडे, ह्याची नोंद नाही. डोळे मिटले की अल्फा लहरी वाढतात ही ह्या शास्त्राची अक्षरशः पहिली गोष्ट आहे, बर्गरच्या काळातली! पेंग आली की लहरी मंदावतात. म्हणजे डुलकी काढणारं मूल आणि टक्क जागं मूल ह्यांचे नकाशे वेगळे येणारच, ऑक्सिजन असो वा नसो. शिवाय रंगांची पट्टी दोन्ही चित्रांत वेगळी. एकात लाल रंग ज्या आकड्याला लागतो, दुसऱ्यात तो आकडा हिरवा. मी दादाला एवढंच विचारलं, "त्या मुलात बदल काय झाला? नकाशात नाही, मुलात." त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कागदावरही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल की एका कागदावरून सगळ्या उपचाराला मोडीत काढू नकोस. बरोबर आहे. म्हणून नीट केलेले प्रयोग बघू. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कॅनडातल्या क्युबेकचा एक अभ्यास आला. सेरेब्रल पाल्सी असलेली १११ मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला १.७५ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला १.३ पट दाबाखाली साधी हवा, दोघांना चाळीस-चाळीस सेशन्स. कोण कुठल्या गटात हे पालकांना माहीत नाही. निकाल? दोन्ही गटांतली मुलं सुधारली, जवळजवळ सारखीच, हालचालींच्या मोजमापात साधारण ३ टक्के. फरक शून्य. ऑक्सिजनच्या गटात कानाचा त्रास मात्र जास्त मुलांना झाला. अमेरिकेत लष्करातल्या डोक्याला मार लागलेल्या ७२ जणांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथेही तेच. खरा उपचार आणि नकली उपचार, दोन्ही गटांना बरं वाटलं, दोन्हींत फरक नाही.

ह्यावर उपचाराच्या समर्थकांचा एक युक्तिवाद आहे आणि तो वरवरचा नाही. ते म्हणतात, १.३ पट दाबाची हवा ही 'नकली' नाहीच, तोही छोटा डोसच आहे, म्हणून दोघे सुधारले. ठीक. आता गणित करू. १.३ गुणिले २१ टक्के म्हणजे २७ टक्के. म्हणजे ती मुलं जणू साध्या दाबाला २७ टक्के ऑक्सिजन घेत होती. रुग्णालयात नाकात घालायची साधी प्लॅस्टिकची नळी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर साधारण तेवढंच देते! त्या छोट्या वाढीने खरंच मेंदू सुधारत असेल, तर लाखांचं पॅकेज कशाला? आणि त्या वाढीने सुधारत नसेल, तर मुलं कशाने सुधारली? आई-बाप रोज सोबत बसले, रोज गप्पा झाल्या, रोज कुणीतरी लक्ष दिलं, मूल दोन महिन्यांनी मोठं झालं. ह्या गोष्टी फालतू नाहीत. पण त्या विकत घ्यायला नळीत झोपावं लागत नाही.

'डॉक्टर लोकांना नवीन काही पटतच नाही, असे प्रयोग नेहमी नकारात्मकच येतात' हाही एक आवडता सूर. तोही खरा नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे लोक गुदमरल्याच्या बातम्या येतात. ती कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटून बसतो. साध्या हवेत तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर दीडएक तास, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनवर अर्ध्या तासाच्या आत. २००२ मध्ये अमेरिकेत अशा १५२ रुग्णांवर अगदी अशीच आंधळी, नकली सेशन्स ठेवून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी स्मरणशक्ती-एकाग्रतेचे त्रास दाबाखालच्या ऑक्सिजनच्या गटात २५ टक्के लोकांना, दुसऱ्या गटात ४६ टक्के. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फायदा दिसला नव्हता, म्हणून वाद अजून आहे, पण बघा, पद्धत तीच, आणि फरक दिसायचा तिथे दिसतो. पाणबुड्यांच्या रक्तातले बुडबुडे, गॅस गँग्रीन, रेडिएशनने जळालेल्या जखमा, मधुमेहाच्या काही न भरणाऱ्या जखमा, इथे ही नळी खरोखर उपयोगी पडते. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं ते ह्याबद्दल नव्हे, तर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंवर ह्याचा बाजार मांडणाऱ्यांबद्दल.

'फायदा नसेल तरी तोटा काय?' हा शेवटचा बुरूज. तोटा आहे. १९९७ मध्ये मिलानच्या रुग्णालयातल्या चेंबरला आग लागून अकरा माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात एका खाजगी केंद्रातल्या चेंबरमध्ये आग लागली आणि आत असलेलं पाच वर्षांचं मूल दगावलं. तिथल्या लोकांवर नंतर गुन्हे दाखल झाले. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये एका ठिणगीला काही सेकंद पुरतात, आणि दार दाब उतरेपर्यंत उघडत नाही.

माझा राग यंत्रावर नाही. राग आहे तो शब्द आणि रंग वापरून हतबल माणसाला गाठण्यावर. ज्या आईने सगळे दवाखाने पालथे घातलेत, तिला हिरवा मेंदू दाखवला की ती 'नियंत्रित चाचणी झालीय का?' असं विचारणार नाही. ती बांगड्या काढेल. म्हणून ते विचारणं आपलं काम आहे, ज्यांना ग्राफ वाचायची नोकरी आहे, पगार आहे आणि शनिवार मोकळा आहे त्यांचं.

प्रश्न फार नाहीत. हा उपचार ह्याच आजारासाठी मान्य आहे का? दाब किती, आणि मधल्या वेळेत साधी हवा देता का? झटका आला तर पहिलं काय कराल? (उत्तर 'लगेच दार उघडू' असेल तर तिथून निघा.) ईईजी काढताना डोळे मिटलेले होते का, आणि रंगांची पट्टी दोन्हीकडे एकच आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: नकाशा सोडा, माणूस आधी जे करू शकत नव्हता ते आता करतो का, आणि उपचार न घेतलेल्यापेक्षा जास्त करतो का?

दादाने फिजिओथेरपी चालू ठेवली. आमचा पोरगा अजूनही त्या फिजिओवाल्या ताईला बघितलं की भोकाड पसरतो. परवा मात्र रडता रडताच भिंतीला धरून उभा राहिला, दहा-बारा सेकंद. त्याचा ईईजी कुणी काढला नाही.